हळद-कोकमाने माशातील विष उतरत नाही

‘नदीच्या माशाला हळद, मीठ, कोकम लावून ठेवा, सुटलेले पाणी फेका आणि खळखळून शिजवा, मासा कुठल्याही पाण्यातला असो, विष उतरते. मोठा मासा सर्वांत पौष्टिक, आणि तरंगत आलेल्याचे डोळे चमकत असतील तर तोही बेधडक घ्यावा,’ असा एक संदेश बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात फिरत आहे.

शिजवण्याचा मुद्दा जंतू आणि कृमी यांच्यापुरता खरा आहे. बेळगाव शहराचे सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून मार्कंडेय नदीला मिळते, त्याच्या खालच्या अंगाचा मासा तर पूर्ण शिजवायलाच हवा. परंतु पारा, शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. ती आचेने नष्ट होत नाहीत. पाऱ्याचे सर्वांत घातक रूप माशाच्या मांसातील प्रथिनांशीच जखडलेले असते, म्हणून कोकमाने हिवस वास जातो, पारा जात नाही. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेलेला आजार कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे, मासे आणि शिंपले यांच्यावाटेच माणसांत आला होता.

मोठ्या माशाबद्दलचा सल्ला तर उलटाच आहे. मरळ, शिवडा हे मासे दुसरे मासे खाऊन वाढतात, त्यामुळे लहान माशांतला पारा त्यांच्या अंगात वर्षानुवर्षे साठत जातो. त्याच पाण्यातला, सूक्ष्म वनस्पती आणि जीव खाणारा मध्यम आकाराचा कटला सहसा कमी जोखमीचा असतो.

तरंगत आलेला मासा घेऊ नये. मळीमिश्रित पाणी नदीत आले की विरघळलेला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. पण कुठला मासा गुदमरून मेला आणि कुठला कीटकनाशकाने, हे डोळ्यांच्या चमकेवरून भल्याभल्या भोयालाही सांगता येणार नाही.

स्वयंपाकघराचा खरा उपयोग होतो तो चरबीत साठणाऱ्या विषांपुरता. शेतीसाठी डीडीटीवर १९८९ पासून बंदी असली तरी अशी कीटकनाशके गाळात दीर्घकाळ टिकतात आणि माशाच्या चरबीत उतरतात. म्हणून कातडी, पोटाकडची चरबी, काळीज आणि आतडी काढून टाकावीत, आणि तुकडे जाळीवर भाजून सुटलेली चरबी गळू द्यावी. रस्सा केला की ती चरबी ताटातच येते. रस्साप्रेमींना हे रुचणार नाही, पण त्यांनी निदान कातडी तरी काढावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना मात्र नाल्याखालच्या पाण्यातला मासा, कसाही शिजवलेला असला तरी, देऊ नये.