अबेराइरॉनच्या घरांबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अबेराइरॉनच्या घरांवरच्या माझ्या लेखावर प्रतिक्रिया मन लावून लिहिलीत, तेव्हा उत्तरही जरा लांबणार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: वेल्समधल्या या बंदराची घरं म्हणजे पर्यटकांसाठी रंगवलेली एकसारखी रांग, गोऱ्यांची चाळ झाली की तिला वारसा म्हणायचं आणि गिरगावातली पाडायची, आणि संरक्षित यादीत नाव गेलं की घरमालकाला खिळा ठोकायचीही चोरी.

रंगांबद्दल आपलं एकमत आहे. ते जांभळे-पिवळे रंग अलीकडचेच, आणि फोटोत मुख्य भाव तेच खातात. पण ते खरवडून काढले तरी माझं म्हणणं तसंच राहतं, कारण माझं म्हणणं रांगेबद्दल आहे.

रेव्हरंड अल्बन थॉमस जोन्स ग्विन या जमीनदाराने 1807 मध्ये पार्लमेंटचा कायदा करवून घेऊन एरॉन नदीच्या मुखाशी बंदर बांधलं. आधी धक्का, मग गाव. भूखंड भाडेपट्ट्याने दिले गेले आणि ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर उभारलं. रस्त्याची रेघ आणि एकूण बाज इस्टेटीचा, खिसा मात्र ज्याचा त्याचा. एका दारावर अर्धगोल काच, शेजारी नुसती सपाट कमान. आणि मध्येच एखादं घर एक मजला उंच. सगळं एकसारखं म्हणालात, पण फोटो मोठा करून नुसती दारं बघा. (हा आराखडा प्रसिद्ध इंग्रज वास्तुविशारद जॉन नॅशचा, अशी दंतकथा सांगतात. पुरावा नाही. श्रूजबरीचा वास्तुविशारद एडवर्ड हेकॉक याचं नाव जास्त भरवशाचं.)

आता चाळ. चाळीत एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, सामाईक गॅलरी, सामाईक संडास. अबेराइरॉनला भिंत तेवढी शेजाऱ्याशी वाटून घेतलेली. दार थेट रस्त्यावर, आणि तळापासून छपरापर्यंत घर एकाच कुटुंबाचं. गिरगावच्या चाळी पडतात याचं दुःख मलाही आहे, पण त्याचा राग या घरांवर कशाला?

खिळ्याचं म्हणाल तर खुशाल ठोका. गावातली साधारण दर चौथी इमारत यादीत आहे. आहे त्याच पद्धतीने, त्याच सामानाने डागडुजी करायला सहसा परवानगी लागत नाही. इमारतीचं रूप बदलायचं असेल तर लागते, आणि ती न घेता काम केलं तर तो गुन्हा ठरतो. जाच वाटेल, पण त्यामागे साधं कारणही आहे. या भिंती दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा. चुना ओल शोषतो आणि सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत आतल्या बाजूने पोपडे सुटायला लागतात. कोकणात जुन्या घराला सिमेंट लावून पस्तावलेल्यांना हे सांगायला नको. गंमत म्हणजे त्या भागात चुनखडी नाहीच. ती गलबतांतून यायची आणि किनाऱ्यावरच्या भट्ट्यांत भाजली जायची, मुख्यतः शेतांसाठी. रेल्वे गावात पोचली 1911 मध्ये. तोवर जड माल म्हटला की समुद्रच.

यादीवर खरी टीका करायची तर ती वेगळी आहे. यादी भिंती वाचवते, माणसं नाही. वेल्सच्या किनाऱ्यावर सुट्टीपुरती उघडणारी घरं वाढली आणि तिथल्या तरुणांना स्वतःच्या गावात घर घेणं जड जाऊ लागलं. एप्रिल 2023 पासून अशा घरांवर नेहमीच्या कौन्सिल टॅक्सच्या (तिथल्या घरपट्टीच्या) वर 300 टक्क्यांपर्यंत जादा कर लावायची मुभा तिथल्या कौन्सिलांना आहे. मला तो योग्य वाटतो. तुम्हाला कदाचित वाटणार नाही.

तुमची मुलगी बर्मिंगहॅमला असते म्हणालात, म्हणून शेवटी कामाचं: तिथून अबेरिस्टविथला थेट रेल्वे आहे, पुढे बस. प्रवासी रेल्वे अबेराइरॉनहून 1951 मध्येच बंद झाली. धक्क्यावर फोटो काढून परतू नका, आत अल्बन स्क्वेअरपर्यंत चालत जा. आणि मग पुन्हा भांडायला या.