हाताचा सर्जन: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘हाडांचा डॉक्टर झाला की हाताचं कुठलंही ऑपरेशन येतं, वेगळं काही शिकावं लागत नाही’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. हातात 27 हाडं आहेत खरी, पण खरी परीक्षा मऊ भागांची. बोटातली तुटलेली नस मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडतात. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, नुसता जोडून भागत नाही. तो आपल्या नळीत सरकला नाही तर बोट वाकतच नाही! म्हणूनच अमेरिकेत ऑर्थोपेडिक्सच्या (हाडांच्या शाखेच्या) 5 वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणानंतर, हातासाठी साधारण 1 वर्षाची वेगळी फेलोशिप (खास प्रशिक्षण) असते. प्लास्टिक सर्जनही या वाटेने येतात. कापलेलं बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर नुसते वरचे टाके घालून घरी जाऊ नका.