आता साफ होतंय न्हवं?

आज सकाळी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत, चांगली सात-आठ माणसं पिशव्या घेऊन उभी असताना, भाजीवाल्या मावशींनी मला मोठ्यांदा विचारलं, "आता साफ होतंय न्हवं?"

मी कोथिंबीर मागितली होती.

माझं पोट उत्तम आहे. हे इथे लिहून ठेवतो, कारण पेठेत आता ते कुणी ऐकून घेणार नाही. झालं एवढंच, की मेव्हणा अमेरिकेहून येताना बर्बनची, म्हणजे तिकडच्या मक्याच्या व्हिस्कीची, बाटली घेऊन आला. जाताना बजावून गेला, "दाजी, ही सोड्यात घालून नासू नका. मिंट ज्युलेप करा." आणि मी, ज्याला चहासुद्धा धड जमत नाही, तो ज्युलेप, म्हणजे बर्बन-पुदिन्याचं ते गारेगार पेय, करायला बसलो.

मुहूर्तही काढला. मे महिन्याचा पहिला शनिवार. त्या दिवशी तिकडे केंटकीत, लुइव्हिलला, घोड्यांची डर्बी असते. 1875 पासून चाललीय. शर्यत दोन मिनिटांत आटपते, पण तेवढ्यासाठी दोन दिवस लोक लाखावर ज्युलेप रिचवतात. आपल्याकडे बैलगाडीच्या शर्यतीला उसाचा रस पितात आणि धूळ खातात. असो.

कृती सोपी. बर्बन साठ मिली, साखरेचा पाक पंधरा मिली, पुदिन्याची आठ-दहा पानं, आणि बर्फ. यात चुकायला जागाच नाही असं मला वाटलं होतं. जागा बर्फात असते. तो खडे-खडे चालत नाही, बारीक चुरा लागतो, आणि पेल्यावर त्याची पिंड होईल इतका लागतो. म्हणून भर दुपारी मागच्या पडवीत पंच्यात बर्फ गुंडाळला आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन बडवायला लागलो.

तिसऱ्या ठोक्याला वरच्या मजल्यावरचे आबा खाली आले.

आबा म्हणजे एके काळचे तालमीतले वस्ताद. आता गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, दर वर्षी पंढरीची वारी. दारूचा थेंब नाही, कांदा-लसूण नाही. फक्त मान अजून डोक्यापेक्षा रुंद आहे.

"काय कुटाय लागलायस?"

"बर्फ, आबा."

"बर्फ कुटत्यात व्हय? त्यो आपसुक विरघळतोय की."

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. मी म्हटलं, बारीक हवाय. आबांनी बत्ता माझ्या हातातून काढून घेतला, धोतर सावरलं आणि दोन ठोके दिले. बर्फाचा भुगा झाला. पंच्याला रुपयाएवढं भोक पडलं. आबा तिथेच पाटावर बसले, आणि माझ्या लक्षात आलं, की आता हे उठत नाहीत.

आता पुदिना. पानं चुरगाळायची नसतात, चुरगाळली की कडवटपणा उतरतो. ती तळहातावर ठेवून वरून एक टाळी मारायची, म्हणजे तेल सुटतं आणि वास दरवळतो. मी टाळी मारली. आबांनी मागे वळून देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"टाळी कशाला? आरती हाय का?"

"वास सुटतो, आबा."

"भाजीला मारून वास सुटतोय? आन इकडं." आणि ज्या पंजांनी खासबागेत माणसं चीत केली, त्या पंजांनी माझी दहा पानं मळली. चटणी झाली. मी दुसरी दहा घेतली आणि पाठ करून टाळी मारली.

मग त्यांनी बाटलीचं बूच काढायला लावलं. प्यायचे नाहीत, पण नाक माळकरी नव्हतं. बराच वेळ हुंगून म्हणाले, "ही तर गुऱ्हाळावरची काहील हाय."

मला कबूल करायला जड जातंय, पण माणूस बरोबर बोलला. बर्बनमध्ये निम्म्याहून जास्त, निदान 51 टक्के, मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते, असा तिकडचा कायदाच आहे. त्या जळक्या लाकडातली साखर दारूत उतरते. आबांना हे एका हुंगण्यात कळलं. मी दोन रात्री जागून वाचलं होतं.

"मग वर साखर कशाला घालतोयस? काकवी घाल." घातली. गुळासाठी मानांकन मिळवलेल्या गावात नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

पेला खरं तर चांदीचा लागतो. आमच्याकडे चांदीचं फुलपात्र आहे, पण ही आतून म्हणाली, "ते बारशातलं आहे. त्यात ओतलंत तर बघा." म्हणून स्टीलचं घेतलं. बर्फ भरला, ढवळलं, आणि पाहतो तर फुलपात्राला बाहेरून आधी धुकं धरलं, मग त्या धुक्याचा पांढरा, खरखरीत थर झाला. मे महिन्यातलं कोल्हापूर, लाईट गेलेली, पंखा थांबलेला, आणि हातभर अंतरावर हिमालय. मी हरखून गेलो. हा पेला काठाला नाहीतर बुडाशी धरायचा, म्हणजे थर टिकतो. तेवढं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर आबांनी अख्खा पंजा ठेवला. "गार हाय," म्हणाले. पंजा काढला तेव्हा फुलपात्रावर पाच बोटं उमटली होती, तेलात हात बुडवून भिंतीवर मारावीत तशी.

तेवढ्यात पलीकडच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "आबा, काय वाटाय लागलाय?"

मी फुलपात्र पाठीमागे घेतलं. आणि आयुष्यभर खोटं न बोललेला तो माळकरी, केवळ माझी अब्रू वाचावी म्हणून, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्याच्या पोटाचं औषध हाय! चार दिस झाडा न्हाई बिचाऱ्याला!"

चार दिवस कुणी सांगितले होते? एक दिवस पुरला नसता?

मला राग याचा येतो, की मी काही चोरी केली नव्हती. या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, कायदा 1949 चा. एका दिवसाचा विदेशी दारूचा परवाना पाच रुपयांत मिळतो. मी हजार रुपये भरून आजन्म काढलाय. सरकारने मला मरेपर्यंत प्यायची मुभा दिली आहे, पण आमच्या पेठेत माणूस प्यायलेला चालत नाही. तुंबलेला चालतो. वर त्याला इसबगोल आणून देतात. आतापर्यंत तीन डबे आलेत.

त्या रात्री चिडून वाचत बसलो, तर आणखी चिडलो. ज्युलेप हा शब्द मुळात फारसी गुलाब, म्हणजे गुलाबपाणी. तो अरबीतून युरोपात गेला, आणि तिथे कितीतरी वर्षं ज्युलेप म्हणजे कडू औषध गोड करून पाजायचा पाक. म्हणजे आबा खोटं बोललेच नव्हते.

चव? चांगली होती. काकवीमुळे जास्तच चांगली होती. हे मी आबांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

एवढं लिहितोय तोवर दार वाजलं. पलीकडच्या काकूंचा नातू, हातात वाटी. "आजीला रात्रीपासून करपट ढेकर येताहेत. आबांनी सांगितलंय, काकांकडचं ते परदेशी औषध दोन चमचे आण. आणि आजी म्हणाली, काकवी जरा जास्त घाला."