मधलं काबरं सोडं?

आज दुपारी वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. माझ्या पुढे नववीतली एक मुलगी उभी होती. निळा गणवेश, सायकलची चावी बोटात अडकवलेली. तिने कपाटातून शोधून एक कादंबरी टेबलावर ठेवली. टेबलामागच्या गृहस्थांनी मागचं पान वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. "हे प्रेमाबिमाचं आत्ताच कशाला? दहावी तोंडावर आली. सामान्य ज्ञानाचं ने." पोरगी एक शब्द बोलली नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तिच्या. सामान्य ज्ञान घेऊन निघून गेली. आणि मी, पन्नाशीला आलेली बाई, मीही गप्प राहिले. संध्याकाळी भाकरी थापतानाही तेच डोक्यात, म्हणून लिहायला बसलेय.

मी नववीत होते १९९३ साली. खेड्यातून तालुक्याच्या शाळेत नवीन आलेली. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं आणि माझ्या तोंडून आमच्या घरच्या अहिराणीत निघून गेलं, "सर, माले येस नही." म्हणजे, मला येत नाही. अख्खा वर्ग हसला. सरही हसले. त्या दिवसापासून माझं नाव 'माले' पडलं. वर्षभर. मी बोलणंच बंद केलं. हजेरीला 'उपस्थित' म्हणायचे, तेवढाच माझा आवाज.

तेव्हा कोणाच्या तरी घरून एक कादंबरी हाती लागली. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, त्यामुळे नाव आजही माहीत नाही. त्यातली मुलगी दात वेडेवाकडे म्हणून हसताना तोंडावर हात ठेवायची. मी ते पुस्तक भूगोलाच्या वहीत घालून वाचायचे. एका रात्री लाइट गेलेली, कंदिलाशेजारी माय बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली. माय कधी शाळेत गेली नाही. म्हणाली, मोठ्याने वाच, माले बी ऐकू दे. मी वाचत गेले. बसथांब्यावर तो मुलगा तिच्या तोंडावरचा हात हळूच बाजूला करतो, तिथे आल्यावर माझी जीभ अडखळली. मी पान उलटलं आणि पुढचं वाचू लागले.

शेंगांचा आवाज थांबला. माय म्हणाली, "मधलं काबरं सोडं?" मधलं का सोडलंस?

मग मी ते वाचलं. मायसमोर. ती काही बोलली नाही, परत शेंगा फोडायला लागली.

माझी माय हसताना पदर तोंडाशी धरायची. का धरते, हे मी तोवर तिला कधी विचारलं नव्हतं.

आता सांगा, त्या रात्री माझं काय बिघडलं? दहावी मी नीट पास झाले. उलट त्या पुस्तकामुळे मला पहिल्यांदा कळलं की स्वतःची लाज वाटणारी जगात मी एकटी नाही. वर्गातल्या एका मुलाने वही परत देताना मला 'माले' न म्हणता माझ्या नावाने हाक मारली होती. एकदाच. तेवढ्यावर मी चार महिने हरवून गेले होते, आणि मला वाटायचं आपलं डोकं फिरलंय. डोकं फिरलेलं नव्हतं, हे मला त्या फाटक्या पुस्तकाने सांगितलं. घरात, शाळेत दुसरं कोण सांगणार होतं?

आणि हे खान्देशात चाललंय याचा जास्त राग येतो. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयातल्या पोरांसाठी रोज स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढलं. घरापासून लांब राहणाऱ्या पोराच्या मनात काय चालतं, याची त्यांना काळजी होती. सांगवीच्या नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. आपल्याकडचाच पोरगा पुण्याच्या होस्टेलात जातो आणि सगळ्यांत असून एकटा पडतो. ही आपली माणसं. आणि आपण पोरींच्या हातातून पुस्तकं ओढतोय.

मान्य, काही पुस्तकं टाकाऊ असतात. पोरगा मागे मागे फिरतो, पोरगी नाही म्हणते, तरी ते प्रेमच, असलं लिहिणारेही आहेत. ती मीही माझ्या पोरीला देणार नाही. पण मग चांगली द्या ना! मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ ची, नववीतल्याच मुलांची, आणीबाणीच्या वर्षांतली. मी तीन वेळा वाचली. तरी एक सल राहतोच, त्यात सगळं मुलाच्या डोळ्यांनी दिसतं. त्याला आवडणाऱ्या शिरोडकरच्या मनात काय होतं, ते तिच्या तोंडून कधी कळत नाही. मुलीचं मधलं सगळं सुटलेलंच. तिकडे अमेरिकेत हिंटन नावाच्या मुलीने शाळेत असतानाच 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली. १९६७ साली पुस्तक आलं तेव्हा ती अठरा-एकोणीसची. पुस्तकावर मात्र एस. ई. हिंटन छापलं, कारण मुलीने लिहिलंय म्हटल्यावर लोक नाक मुरडतील अशी भीती. तिथेही तीच गत. पण तिने लिहिलं, आणि छापणाऱ्याने छापलं. आपल्याकडे 'माले येस नही' म्हणणाऱ्या पोरीची कादंबरी कुठे आहे? आपण चंपक, किशोरवरून थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांवर उडी मारतो. तेरा ते सतरा वर्षांची पोरं मधल्या मधे.

त्या गृहस्थांचं मन वाईट नाही, हेही लिहिते. त्यांनाही पोरी असतील. आपल्या गावांत एखाद्या मुलाबरोबर नाव जोडलं गेलं की पोरीची शाळा सुटते, अशा तीन मैत्रिणी माझ्याच वर्गात होत्या. ती भीती खोटी नाही. पण त्यातल्या एकीनेही कादंबरी वाचलेली नव्हती हो. वाचली असती तर निदान समोरचा खरं बोलतोय की फिरवतोय, एवढं तरी ओळखलं असतं.

रागाने सुरुवात केली होती, आता नुसतं वाईट वाटतंय. मी तिथे उभी होते. "द्या तिला, माझ्या नावावर लिहा," एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं.

माझ्या खात्यावर दोन पुस्तकं मिळतात. ती कादंबरी टेबलाच्या डाव्या खणात ठेवलीय त्यांनी, मी पाहिलंय. सोमवारी वाचनालय उघडताच जाते.