प्रार्थनेसोबत हिशेबही हवा

पाळकाचं, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) धर्मगुरूचं, पतन टाळायला रोजची प्रार्थना आणि वचनाचं, म्हणजे बायबलचं, मनन पुरेसं आहे, असं एका लेखात वाचलं. ते मला पटत नाही. प्रसिद्ध ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस जगभर वचनच सांगत फिरत होते. मे २०२० मध्ये ते गेले आणि फेब्रुवारी २०२१ च्या चौकशी अहवालात त्यांनी केलेल्या स्त्रियांच्या लैंगिक छळाचा तपशील बाहेर आला. २०१७ मध्ये एका बाईंनी तोंड उघडलं होतं, तेव्हा त्यांची संस्था मात्र झकरायस यांच्याच पाठीशी उभी राहिली. याचा आजही संताप येतो.

याउलट अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी सहकाऱ्यांसोबत बसून आधीच कुंपण घातलं. परस्त्रीबरोबर एकांत नको, गर्दीचे आकडे फुगवायचे नाहीत, स्थानिक मंडळ्यांवर टीका नको, पैशाचा व्यवहार चोख. (एकांताच्या नियमाने स्त्रिया सेवेत मागे राहतात, हेही खरं.) पैशाचं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढे ते सभेतल्या अर्पणाऐवजी संस्थेकडून ठरलेला पगार घेऊ लागले.

आपल्याकडे किती मंडळ्यांत अर्पणाची थैली दोघं मिळून मोजतात आणि वहीत दोघांच्या सह्या होतात? विचारलं की ‘देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध (देवाने निवडलेल्या माणसाविरुद्ध) बोलू नका’ असं ऐकवतात. बायबलमधला दावीद राजाही अभिषिक्तच होता, तरी नाथान संदेष्ट्याने त्याच्या पापाबद्दल त्याला तोंडावर सुनावलंच ना!