‘त्यानं कोठडीत स्वतःच कबूल केलं होतं’? नाही, केलं नव्हतं

थॉमस गोल्डस्टीनच्या खटल्याबद्दल एक मेसेज ग्रुपवर फिरतोय. त्याचं सार असं : गोल्डस्टीननं शेजारच्या कैद्याजवळ खुनाची कबुली दिली, त्या कैद्याला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं, गुन्ह्याचे तपशील त्याला दुसरीकडून कळणं शक्य नव्हतं, पुढे आरोपी तांत्रिक मुद्द्यावर सुटला आणि वर भरपाईही घेतली. शिकलेली माणसं हे पुढे पाठवताहेत, म्हणून लिहायला बसलो.

आधी प्रकरण. नोव्हेंबर १९७९, कॅलिफोर्नियातलं लाँग बीच. एका माणसाचा शॉटगननं खून झाला. जवळच राहणारा गोल्डस्टीन पकडला गेला. मरीन दलात नोकरी करून आलेला, इंजिनिअरिंग शिकणारा तरुण. त्याला खुनाशी जोडणारा भौतिक पुरावा नव्हता. होत्या त्या तोंडी साक्षी : एक प्रत्यक्षदर्शी, आणि गोल्डस्टीननं कोठडीत कबुली दिली असं सांगणारा एडवर्ड फिंक नावाचा कैदी. १९८० साली गोल्डस्टीन दोषी ठरला.

फिंकला काही मिळणार नव्हतं, हे ज्युरीला खुद्द फिंकनंच सांगितलं होतं. पण तो सरावलेला खबऱ्या होता. आधीच्या खटल्यांत सरकारच्या बाजूनं साक्षी देऊन त्यानं शिक्षेत सूट मिळवली होती. सरकारी वकिलांच्या कार्यालयात काहींना हे ठाऊक होतं, बचावाच्या वकिलाला मात्र कुणी कळवलं नाही. आपल्याकडच्या माफीच्या साक्षीदाराशी याची गल्लत करू नका. त्याला माफी कोर्टासमोर मिळते, त्याचा स्वार्थ सगळ्यांना दिसत असतो. इथे तोच लपवला गेला. उलटतपासणीत वकिलानं विचारायचं तरी काय?

तपशील कळले कसे, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर १९८८ साली लॉस एंजेलिसच्या तुरुंगातच मिळालं. लेस्ली व्हाइट हा तिथला मुरलेला खबऱ्या. अधिकाऱ्यांनी त्याच्यासमोर टेलिफोन ठेवला आणि त्यानं कधी न पाहिलेल्या एका खून-आरोपीचं फक्त नाव सांगितलं. व्हाइट एकामागून एक नंबर फिरवत गेला. कधी पोलीस झाला, कधी सरकारी वकील. पलीकडची माणसं बिनदिक्कत माहिती देत गेली. काही फोनमध्येच खोटी कबुली रचण्याइतका मजकूर त्याच्या हातात आला. आपण अनेक खटल्यांत खोट्या साक्षी दिल्याचंही त्यानं सांगितलं. मग ग्रँड ज्युरी, म्हणजे चौकशीसाठी नेमलेलं नागरिकांचं मंडळ, बसली. कुठल्या खबऱ्यानं कुठे साक्ष दिली आणि त्याला काय मिळालं, याची एकत्रित नोंद सरकारी वकिलांच्या कार्यालयानं वर्षानुवर्षं ठेवलीच नव्हती, हे तिच्या १९९० च्या अहवालात आलं.

तेव्हा ‘त्याला कसं कळणार’ हा युक्तिवाद सोडून द्या.

‘तांत्रिक मुद्दा’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. त्या प्रत्यक्षदर्शीनंही पुढे ओळख मागे घेतली. पोलिसांना मदत करायच्या भरात आपण होकार दिला, असं तो म्हणाला. एका साक्षीदारानं शब्द फिरवला, दुसऱ्याचं खोटं उघडं पडलं. मग उरलं काय? फेडरल कोर्टानं शिक्षा रद्द केली आणि एप्रिल २००४ मध्ये, २४ वर्षांनी, गोल्डस्टीन बाहेर आला. यात तांत्रिक काय आहे, ते मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

आता भरपाई. खबऱ्यांची माहिती सहकाऱ्यांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था का नव्हती, म्हणून त्यानं सरकारी वकिलांच्या वरिष्ठांवर दावा लावला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की या कामाबद्दल त्यांच्यावर असा दावा चालत नाही. पैसे दिले ते लाँग बीच शहरानं, २०१० साली तडजोडीत, सुमारे ८० लाख डॉलर. तिशीच्या आसपास आत गेलेला माणूस तोवर साठीला पोचला होता.