युरोपात चादरी पाठवणाऱ्यांसाठी मोलाचे सल्ले

मंडळी, ब्रिटनमध्ये राहता, घरून छोटासा धंदा करता आणि जर्मनीतून सोलापुरी चादरींची ऑर्डर आलीय? अभिनंदन! ब्रेक्झिटपायी 1 जानेवारी 2021पासून या देशाने युरोपीय संघाचं सिंगल मार्केट (सगळ्या सदस्य देशांचा मिळून एकच बाजार) आणि कस्टम्स युनियन (आपसात ड्यूटी नाही) दोन्ही सोडल्यामुळे पार्सल पाठवण्यातली मजा काही औरच झालीय. गेल्याच आठवड्यात माझ्या चादरी म्युनिकची हवा खाऊन लेस्टरला परत आल्या, तेव्हा अधिकारवाणीने सांगते.

ईओआरआय नंबर, म्हणजे कस्टम्सच्या लेखी आपला ओळख क्रमांक, काढा. कशाला, ते विचारू नका.

मग चादर म्हणजे काय, ते ठरवा. हसू नका, मालाचा प्रकार सांगणारा कमोडिटी कोड लागतो. ब्लँकेट 6301मध्ये, बेडलिनन 6302मध्ये, बेडस्प्रेड 6304मध्ये. आपली चादर थंडीत पांघरतात, उन्हाळ्यात अंथरतात, पाहुणे आले की दिवाणावर टाकतात. फॉर्मवर वर्णनाला जागा बोटभर. कोड चुकला की ड्यूटी बदलते आणि पार्सल गोदामात मुक्कामाला.

युरोपात एक 'जबाबदार व्यक्ती' शोधा. चेष्टा नाही, 13 डिसेंबर 2024पासून युरोपचा नियमच आहे: मालाची जबाबदारी घेणारं कुणीतरी तिकडे हवं, नाव-पत्त्यासकट. इकडे वेस्टमिन्स्टरच्या संसदेत शोधण्यात वेळ घालवू नका.

पार्सलच्या कोपऱ्यात प्रेमाने तुपाचा डबा सरकवू नका. जानेवारी 2021मध्ये डच कस्टमवाल्यांनी ट्रक ड्रायव्हरांच्या डब्यातली हॅम सँडविचं काढून घेतली होती, तिथे तुमच्या साजूक तुपाची काय कथा?

ट्रॅकिंग सारखं बघू नका. बीपी वाढतं.

आता मुख्य सल्ला. माल कुठला, हे सांगू नका. म्हणजे सांगावंच लागतं, पण सांगितलंत की संपलात. 2020च्या नाताळच्या आदल्या दिवशी युरोपीय संघाशी करार झाला, तेव्हा 'शून्य टॅरिफ, शून्य कोटा' म्हणत काय नाचले होते इथले राजकारणी! ते शून्य फक्त ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात बनलेल्या मालाला, हे मात्र बारीक अक्षरात. माझी चादर सोलापूरची. ती इथे बंदरात उतरली तेव्हा तिची ड्यूटी मी भरलेली. पूर्वी एकदा भरली की संपलं, मग माल लेस्टरला जावो नाहीतर लिस्बनला, कुणी पिशवी उघडून बघत नव्हतं. आता तीच चादर म्युनिकला निघाली की पुन्हा भारतीय होते, आणि पार्सल दीडशे युरोच्या वर गेलं की पुन्हा ड्यूटी. इथे घडी घातली, माझं लेबल लावलं, नव्या पिशवीत भरली, तरी ती ब्रिटिश होत नाही. (आपण पासपोर्ट घेतला की होतो. चादरीला ती सोय नाही.) त्यावर जर्मनीचा 19 टक्के व्हॅट, तोही ड्यूटी धरून. शिवाय कुरियरवाल्यांची हाताळणी फी. काय हाताळलं, देव जाणे. दारात बिल बघून गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, राहू दे." त्या बाईंचं काय चुकलं? आणि परत आल्यावर माझ्याच चादरींवर मलाच इथला 20 टक्के व्हॅट! माझ्या घरातून निघालेला, माझ्या घरात परत आलेला माल, आणि ही म्हणे आयात! सवलत आहे, रिटर्न्ड गुड्स रिलीफ नावाची. मागायची आपण, पुरावे जोडायचे आपण, फोन उचलायचा मात्र कुणीच नाही. नुसतं संगीत ऐकत बसा.

जाऊ दे तो उपरोध. सरळच बोलते.

राजकारण्यांनो, 'ताबा परत घेऊ' म्हणून ब्रेक्झिटला मतं मागितलीत ना? मग युरोपने पहिल्या दिवसापासून आमचा माल तपासला, आणि तुम्ही तिकडून येणाऱ्या खाद्यमालाची प्रत्यक्ष तपासणी पुढे ढकलत ढकलत एप्रिल 2024 उजाडवलात. पोर्ट्समथ बंदरात अडीच कोटी पौंडांचं तपासणी केंद्र बांधलंत, मग नियम असे बदललेत की ते गरजेपेक्षा कितीतरी मोठं ठरलं. त्यानंतर मे 2025मध्ये, खाण्यापिण्याच्या मालापुरत्या या कटकटी कमी करू म्हणून त्याच युरोपीय संघाशी बोलणी करायचं ठरवलंत. चादरी त्यात नाहीतच. लाज कशी वाटत नाही?

आणि आपली माणसं! राष्ट्रकुलातले म्हणून 2016च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात इथल्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही मत होतं, माझ्या शेजारच्या पोलिश बाईला नव्हतं. त्या मताचं काय केलंत? 'पोलिश लोक गेले की आपल्या भाच्याला व्हिसा' असं पाडव्याच्या जेवणात श्रीखंड वाढून घेत मला समजावणारे काका, तुम्हालाच बोलतेय. निर्यातीचं काय होईल विचारलं, तेव्हा 'होईल गं सगळं नीट' म्हणालात. आता 'ब्रेक्झिट चांगलंच होतं, राजकारण्यांनी वाट लावली' हे तुणतुणं लावलंय, ते आधी बंद करा. नीट म्हणजे कसं करायचं होतं, ते तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? मत देण्याआधी सिंगल मार्केटबद्दल एक पान तरी वाचलं होतंत का?